रविवारचा भोंगा

गेल्या महिन्यातली गोष्ट. बाबा लालबागहून चार दिवस आमच्याकडे पुण्याला आले होते. आले होते म्हणजे आम्ही त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं होतं. "तुमच्या पुण्यात दुपारी एक ते चार माणसाने करायचं काय?" हा त्यांचा प्रश्न आम्हाला आता पाठ झालाय. तर, रविवारी सगळ्यांनी मिळून जेजुरीला जायचं ठरलं होतं. खंडोबा आमचं कुलदैवत, रविवार हा त्याचा वार, आणि बाबांना गड चढायला जमेल असं हे बहुधा शेवटचंच वर्ष. गुडघे काय म्हणतायत ते त्यांनाच ठाऊक.

सकाळी साडेसहाला बाबा तयार. पांढरा सदरा, टोपी, चपला दाराशी काढून ठेवलेल्या. आणि सात वाजायला दहा कमी असताना माझा फोन वाजला.

हापिसातून होता. कुठल्याशा रिपोर्टातले आकडे जुळत नव्हते आणि साहेबाला तो रिपोर्ट सोमवार उजाडायच्या आत पलीकडे पाठवायचा होता. "पंधरा मिनिटांचं काम आहे रे." तुमच्यापैकी जे माझ्याच धंद्यात आहेत त्यांना ही पंधरा मिनिटं किती लांब असतात ते सांगायला नको. लॅपटॉप उघडला तो मिटला तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. मधे बायकोने दोनदा दारातून डोकावून पाहिलं, बोलली काही नाही. (न बोलणं हे बोलण्यापेक्षा महाग पडतं, हे लग्न झालेल्यांना माहीत आहे.) बाबा अकरा वाजेपर्यंत टोपी घालून बसले होते. मग त्यांनी ती काढून खुंटीला लावली आणि पेपर घेतला, असं मुलीने मला नंतर सांगितलं.

जेवायला बसलो. मी सवयीने म्हटलं, "सॉरी बाबा, जरा अर्जंट होतं."

बाबा म्हणाले, "नाना गिरणीत होते ना, तेव्हा रविवारी भोंगा नसायचा. तुझा रविवारीपण वाजतो."

रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. ताकाची वाटी पुढे ओढता ओढता, पाऊस येईलसं वाटतंय म्हणावं तसं म्हणाले. रागावले असते तर मी वाद घातला असता. पगार, हप्ते, मुलीची फी, हल्लीच्या नोकऱ्या वगैरे वगैरे. ते सगळं तोंडाशी तयारच असतं. पण ह्यावर काय बोलणार?

नाना म्हणजे माझे आजोबा. सातारा जिल्ह्यातून, कोरेगाव तालुक्यातून मुंबईला आले आणि जन्मभर साचेखात्यात राहिले. साचेखातं म्हणजे जिथे मागांवर कापड विणलं जायचं ते खातं. मागांच्या खडखडाटाने म्हातारपणी त्यांना कमी ऐकू यायचं, आणि आपल्यालाच ऐकू येत नाही म्हणून ते सगळ्यांशी ओरडून बोलायचे. माझ्या लहानपणी मला वाटायचं नाना सारखे चिडलेले असतात. तसं काही नव्हतं.

त्या रात्री बाबांना मी नानांच्या रविवारबद्दल विचारलं. ते खुलले एकदम. आठवडाभर पाळीचा भोंगा झाला की सगळी चाळ हलायची. पितळी डबे, जिन्यावरचे पाय, नळावरची भांडणं. रविवारी मात्र सकाळी चाळ शांत. नाना उशिरा, म्हणजे सहाला उठायचे. न्हाव्याकडे दाढी. मग मटण आणायला पिशवी घेऊन स्वारी निघायची आणि पोरांपैकी एकाला बरोबर न्यायची. दुपारी झोप. संध्याकाळी गावकरी मंडळी जमायची. गावच्या देवळाची वर्गणी, कुणाच्या पोराला गिरणीत चिकटवायचं, कुणाच्या बांधाची भांडणं, सगळं त्या खोलीत निघायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं पत्र बाबा लिहून द्यायचे. "आठवड्यातनं एकदाच नानांचा चेहरा उजेडात दिसायचा," बाबा म्हणाले. "एरवी आम्ही झोपलेले असताना ते जायचे नाहीतर ते झोपलेले असताना आम्ही शाळेत जायचो."

बाबा झोपल्यावर मी बराच वेळ जागा होतो. एक साधा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. हा रविवार नानांना दिला कुणी? आपण धरून चालतो की रविवार आहेच, जसा पाऊस आहे, जशी दिवाळी आहे. शाळेत असल्यापासून कॅलेंडरात तो लाल रंगातच पाहिलेला. पण तो कुणीतरी मागितला असेल, कुणीतरी नाही म्हटलं असेल, मग कधीतरी हो म्हटलं असेल. मग जुनी पुस्तकं काढली, थोडं वाचलं. ज्यांना हे आधीच माहीत आहे त्यांनी क्षमा करावी. मला माहीत नव्हतं. आणि गिरणीच्या पगारावर वाढलेल्या घरातला मी, मला माहीत नसावं याची थोडी लाजच वाटली.

तर मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी काढली. कंपनी १८५४ साली झाली आणि ताडदेवला गिरणी सुरू झाली १८५६ साली. पुढच्या वीस-तीस वर्षांत गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसं येत गेली. ही सगळी शेतातून आलेली माणसं. शेतात काय कमी कष्ट होते? पण शेताला स्वतःची सुटी असते. पुष्कळ गावांत अमावास्येला औत धरत नाहीत. बाजाराचा दिवस असतो, जत्रा असते, बेंदूर असतो. पाऊस लागला की माणूस आपोआप घरात बसतो. यंत्राला ह्यातलं काही नाही. सूर्य उगवला की गिरणी सुरू, मावळला की बंद. म्हणजे थंडीत दिवस जरा लहान, आणि उन्हाळ्यात तेरा-तेरा तास, त्याहूनही जास्त. मधे अर्ध्या तासाची सुटी. सणावाराच्या मोजक्या सुट्या मिळत, पण आठवड्याचा म्हणून ठरलेला असा दिवस नव्हता. ज्या गिरण्या रविवारी बंद असत तिथेही यंत्रं पुसायला, साफ करायला कामगारांना यावं लागे. थोडक्यात, यंत्राला रविवार होता, माणसाला नव्हता.

गंमत म्हणजे सरकारी कचेऱ्यांना तेव्हाही रविवारी सुटी असे. राज्यकर्ते ख्रिस्ती, त्यांचा तो प्रार्थनेचा दिवस. त्यामुळे साहेब घरी, साहेबाचा कारकून घरी, आणि गिरणीतला माणूस यंत्र पुसतोय.

१८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावू नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, आणि त्यांना महिन्यात चार सुट्या द्याव्यात, असं त्यात होतं. (सात वर्षांचं मूल! आमच्याकडे सात वर्षांच्या मुलीला बुटाची नाडी बांधायला आम्ही दोघं लागायचो.) तोही कायदा शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांनाच लागू. मोठ्या माणसांसाठी त्यात कामाच्या तासांची मर्यादा नव्हती आणि आठवड्याची सुटीही नव्हती.

आता इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. जन्म १८४८, ठाण्याचा. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. रेल्वेत, टपाल खात्यात नोकऱ्या केल्या आणि मग मांडवीच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे ते स्वतः मागावर उभे राहणारे कामगार नव्हते. कोठारात बसून नोंदी ठेवणारे, आजच्या भाषेत आमच्यासारखे टेबलावरचे. पण त्यांना समोर काय चाललंय ते रोज दिसत होतं. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्याला 'दीनबंधु' हे पत्र सुरू केलं होतं. १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत चालवायला घेतलं आणि गिरणीतल्या माणसांची गाऱ्हाणी छापायला लागले.

१८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार माणसांच्या सह्यांचा एक अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या वाचताना मी दोनदा थांबलो. दर रविवारी सुटी मिळावी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर असताना इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार चालू राहावा, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची काही सोय व्हावी.

बस. एवढंच. पगारवाढ मागितलेली नाही, हे माझ्या ध्यानात जरा उशिराच आलं. पगार "वेळेवर" मागितलाय. आणि पंधरा तारखेला वेळेवर म्हटलंय! त्यावरून आधी काय चालत असेल ते समजावं. महिनाभर काम करायचं आणि त्याचा पैसा पुढचा महिना अर्धा उलटून गेल्यावरही हातात नाही. तोवर वाणी आणि सावकार. मागण्यांच्या यादीत पहिला रविवार. पैशाच्याही आधी. थकलेला माणूस आधी काय मागतो ते त्यावरून कळतं.

याच सुमारास लोखंड्यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' काढली. हिंदुस्थानातली पहिली कामगार संघटना म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पण पुढे १८९२ साली एका सरकारी अहवालात तिच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते मला फार आवडलं. ह्या संघटनेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, आणि लोखंडे येणाऱ्या कामगाराला फुकट सल्ला देतात, असा त्याचा सूर होता. म्हणजे आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळापेक्षाही ढिला कारभार! लिहिणाऱ्याला बहुतेक ती उणीव वाटली असावी. पण त्या ढिल्या कारभारातूनच जे व्हायचं ते झालं होतं.

ते असं. १८८४ नंतर सहा वर्षं अर्ज, सभा, दीनबंधुतले लेख. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला मोठी सभा झाली, दहा हजारांच्या आसपास कामगार आले. त्या सभेत दोन बायकाही उभ्या राहून बोलल्या. १८९० साली! मागणी पुन्हा तीच, आठवड्यातून एक दिवस. अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला आणि १० जून १८९० ला संघाने रविवारची सुटी मान्य केली.

रविवारच का, यामागचीही एक गोष्ट सांगितली जाते. रविवार हा फक्त साहेबाच्या देवाचा वार नाही, तो आपल्या खंडोबाचाही वार आहे, असं लोखंड्यांनी मांडलं म्हणतात. खरं असो वा नसो, मला ते पटलं. कारण बाबा ज्यासाठी टोपी घालून अकरा वाजेपर्यंत बसले होते तोच हा खंडोबाचा वार.

पुढच्याच वर्षी, १८९१ साली, नवा फॅक्टरी कायदा आला आणि त्यात आठवड्याची सुटी कायद्याने बांधली गेली. बायकांचे तास अकरावर आणले, मुलांच्या कामाचं कमीत कमी वय नऊ केलं. त्यासाठी १८९० साली जे कमिशन नेमलं त्याच्या मुंबईतल्या कामात लोखंड्यांनाही सहभागी करून घेतलं होतं. फक्त सहा वर्षांपूर्वी सह्या गोळा करत फिरणारा स्टोअरकीपर!

आता गोष्ट इथेच संपवली तर छान वाटेल, पण ती एवढी सरळ नाही. विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही हा कायदा हवाच होता. मजुरांच्या कळवळ्याने नव्हे, तर मुंबईचा स्वस्त माल त्यांच्या पोटावर येत होता म्हणून. त्यामुळे आपल्याकडच्या राष्ट्रीय विचारांच्या पुष्कळ पत्रांनी अशा कायद्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं, हा मँचेस्टरचा डाव आहे, देशी धंदा बुडवायला निघालेत. ते म्हणणं खोटं होतं असंही नाही. पण मी विचार करतो, साचेखात्यात तेरा तास उभ्या असलेल्या माणसाने काय करायचं? आपल्या विश्रांतीत परक्याचा फायदा आहे म्हणून विश्रांती नको म्हणायचं? माझा साहेबही मला हेच सांगतो, जरा वेगळ्या शब्दांत. "आपण नाही म्हटलं तर काम दुसरीकडे जाईल." खरंच जाईल कदाचित. दीडशे वर्षांत हे वाक्य काही म्हातारं झालेलं नाही.

आणि यापुढचं जे वाचलं त्याने मला जास्त विचारात पाडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०५ च्या सुमारास, मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर कामाच्या दिवसाला एक नैसर्गिक कुंपण होतं, ते म्हणजे अंधार. दिसेनासं झालं की काम बंद करावंच लागे. दिवे लागले आणि कुंपण गेलं. दिवस लांबत लांबत चौदा-पंधरा तासांवर गेला. सूर्यास्ताला काम संपावं ही मागणी कुणी अमान्यही केली नाही, तिला अर्थच उरला नाही. मोठ्या पुरुषमाणसांच्या दिवसाला कायद्याने पहिली मर्यादा घालायला १९११ साल उजाडलं, तीही कापडगिरण्यांपुरती आणि तीही बारा तासांची. मग १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. नाना गिरणीत होते ते ह्या शेवटच्या कायद्याच्या काळात. म्हणजे त्यांचा आठ तासांचा दिवस आणि भोंगा नसलेला रविवार हे दोन्ही त्यांच्या जन्माच्या किती तरी आधी सुरू झालेल्या खटपटीतून त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

पण बघा, दिवे आले तेव्हा दिवस लांबला, रविवार मात्र कायद्यात टिकून राहिला. का? कारण दिवसाची हद्द अंधारावर सोडलेली होती आणि रविवार कागदावर लिहिलेला होता. जे आपोआप मिळत होतं ते एका दिव्याने खाल्लं. जे सगळ्यांनी मिळून मागून, लिहून घेतलं होतं त्याला दिवा धक्का लावू शकला नाही.

माझ्या बाबतीत काय झालं? मी नोकरीला लागलो तेव्हा हापिसात टेबलावर मोठा कॉम्प्युटर होता आणि तो घरी आणता येत नव्हता. तेच माझं कुंपण. मग लॅपटॉप आला. आम्ही केवढे खूश! मग फोनवर मेल आले, मग ग्रूप आले. माझ्या नेमणुकीच्या पत्रात आजही शनिवार-रविवार सुटी असंच लिहिलंय. नानांना आठवड्यात एक सुटी होती, मला कागदावर दोन आहेत. आणि गेल्या वर्षात एकही फोन आला नाही असे रविवार मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटं लागली नाहीत.

बरं, कुणी माझ्या डोक्यावर बंदूक ठेवलेली नाही. फोन मीच उचलतो. उचलला नाही तर काय होईल, हे मी कधी करून पाहिलेलंच नाही. आणि खरं सांगू? उचलण्यात थोडा मानही वाटतो. आपल्यावाचून अडतंय! नानांना असला भ्रम नव्हता. गिरणीला आपल्यावाचून काही अडत नाही, दाराशी बदली कामगार उभा आहे, हे त्यांना रोज दिसत होतं. म्हणून त्यांनी रविवार कधी फुकट दिला नाही. मी मात्र एकेक करून देऊन टाकले, आणि प्रत्येक वेळी वाटलं की ह्या एकाच रविवारचा प्रश्न आहे.

अशा कामाच्या फोनांना बांध घालायला फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदा लागू झालाय. आपल्याकडे २०१८ साली सुप्रिया सुळे यांनी सुटीत हापिसचा फोन न घेण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे आम्ही अजून १८८४ मध्ये आहोत. :)

आणखी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

एक, सुटी म्हणजे नुसतं रिकामं बसणं नव्हे, हे बाबांनीच मला सांगितलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. नाना तेव्हा निवृत्तीला आलेले. बाबा म्हणाले, "पहिले पंधरा दिवस नाना रविवारसारखे वागले. झोपले, गावकऱ्यांकडे गेले. मग मटण बंद झालं. मग न्हावी बंद झाला. मग गावकरी एकेक करून गावाला गेले. रोजच रविवार झाला आणि रविवार गेलाच." सहा दिवस काम असलं तरच सातव्याला अर्थ. आणि सगळ्यांचा एकच दिवस असला तरच गावकरी जमतात. हल्ली आम्हाला सांगतात, रविवारी काम केलंस ना, मग बुधवारी सुटी घे. बुधवारी घरी बसून काय करू? मुलगी शाळेत, बायको तिच्या हापिसात, मित्र कामावर. बुधवारची सुटी म्हणजे दुपारी एक ते चारचं पुणं.

दुसरी गोष्ट आजीची. नानांचा रविवार मी इतका रंगवून सांगितला, पण ते मटण शिजवत कोण होतं? आमच्या खोलीवर गावाकडचे पाच जण महिन्याच्या पैशांवर जेवायला असायचे. आठवडाभर ते घाईघाईने जेवून पळायचे, रविवारी पाय पसरून बसायचे आणि वाढून घ्यायचे. त्यावर संध्याकाळचे दहा-बारा कप चहा. आजीसाठी रविवार म्हणजे आठवड्यातला सगळ्यात मोठा दिवस, कामाचा. महालक्ष्मीच्या सभेत दोन बायका बोलल्या हे वाचलं तेव्हा मला आजीच आठवली. त्यांनी गिरणीतला रविवार मागितला, तो मिळाला. घरी गेल्यावरचा कुणाकडे मागणार? आजीला मी एकदाही विचारलं नाही की तुझी सुटी कधी गं. ती गेली १९९८ साली. आता विचारायची राहिलीच.

लोखंडे १८९७ साली मुंबईत प्लेगमध्ये गेले. पन्नाशीही गाठली नाही. २००५ साली त्यांचं टपाल तिकीट निघालं, एवढंच बहुतेकांना त्यांचं दर्शन. टपाल खात्यातल्या जुन्या नोकराचं तिकीट, हे मात्र छान झालं.

असो. नुसतं हळहळून काय होणार, म्हणून त्या आठवड्यात मी एक काम केलं. आमच्या टीममध्ये सहा जण आहोत. त्यांच्याशी चहावर बोललो. मग साहेबाला रीतसर मेल लिहिला की रविवारी एकानेच फोन घ्यायचा, पाळीपाळीने, बाकीच्यांचे फोन बंद, आणि ज्याची पाळी त्याचं नाव आधी जाहीर. म्हणजे सहा आठवड्यांतून एकदा. मेलखाली पाच जणांची नावं आहेत. साडेपाच हजार नव्हे, पाच. सहावा म्हणाला, "तुम्ही पाठवा, मी आहेच." असे सहावे १८८४ सालीही असणार.

साहेबाने "लेट अस सी" असं उत्तर दिलंय. तीन आठवडे झाले. कबूल केलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. मधल्या एका रविवारी फोन आला तो मी उचलला नाही. अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू. सोमवारी काही झालं नाही. ज्याची पाळी होती त्याने बघितलं.

बाबांना फोन करून हे सांगितलं तर त्यांना फारसं कौतुक वाटलं नाही. म्हणाले, "मग जेजुरीचं काय?" पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार ठरलाय. साताऱ्याच्या काकांनी आणि ठाण्याच्या आत्याने हे वाचलं तर त्यांनीही निघायचंय, वेगळं आमंत्रण येणार नाही. पहाटे लवकर निघू, ऊन व्हायच्या आत बाबांना हळूहळू वर नेऊ.

आणि हो, त्या दिवशीचा डबा मी करणार आहे. बायकोने सांगितलंय, रविवार आहे.